अपडेट अर्ध्यावर राहिलं आणि स्क्रीन काळा पडला

शुक्रवार, १८ जुलै २०२५. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, सासूबाई झोपल्या होत्या. काँप्युटर बंद करण्याआधी मी अपडेटचं बटण दाबलं. आठवडाभर ती खिडकी सारखी समोर येत होती आणि मी सारखी तिला ‘नंतर’ म्हणत होते. त्या रात्री म्हटलं, होऊन जाऊ दे.

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचा जीव टांगणीला का लागला ते कळेल. कुडाळपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि पाऊस तोंडावर आला की संपतो. त्या महिन्यांत मी मंडळांच्या परवानगीने रात्री जागून नाटकांचं चित्रीकरण करते आणि पावसाळ्यात घरी बसून संकलन करते. चतुर्थीला चाकरमानी गावी आले की त्यांच्या हातात पेनड्राइव्ह द्यायचे असतात. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. हातात अकरा नाटकं, त्यांतली चारच पूर्ण झालेली.

काँप्युटर ऑक्टोबर २०२१मध्ये कुडाळात असेंबल करून घेतलेला. रायझन ५ प्रोसेसर आहे, पण त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. त्यामुळे एन्व्हिडियाचं जीटीएक्स १६५० कार्ड बसवलेलं. त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली, तेव्हा २४.०४ आवृत्ती. संकलन केडेनलाइव्हमध्ये करते. हे सगळं फुकट मिळतं, म्हणूनच मी या धंद्यात पाऊल टाकू शकले. लिनक्सबद्दल माझ्या मनात फार माया आहे ती यामुळे. पण मी काँप्युटर शिकलेली नाही. जे येतं ते अडत अडत, विचारत विचारत आलेलं आहे.

तर नऊ चाळीसला वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. त्याची बॅटरी जुनी झालेली, पूर्वी पंधरा मिनिटं निघायची, आता चार निघतात हे मला माहीत होतं. पट्टी दोन तृतीयांश भरली होती आणि खाली बारीक अक्षरांत एन्व्हिडियाचं नाव दिसत होतं. मध्येच थांबवावं की संपायची वाट बघावी, काही सुचेना. वाट बघितली. चार मिनिटांनी सगळं गप्प झालं.

वीज आली ती दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी साडेतीनला. म्हणजे जवळजवळ अठरा तासांनी. काँप्युटर सुरू केला तर उबुंटूच्या आधीच एक काळा पडदा आला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं की सीमॉसची, म्हणजे मदरबोर्ड आपली सेटिंग जिथे ठेवतो त्या जागेची, तारीख-वेळ लावलेली नाही. सेटअपमध्ये जायचं तर एफ१ दाबा, मूळ सेटिंग घेऊन पुढे जायचं तर एफ२ दाबा. मला पुढेच जायचं होतं. एफ२ दाबलं. या पडद्याकडे पुढे परत यायचंय, लक्षात ठेवा.

मग मदरबोर्डाचं चिन्ह आलं, उबुंटूचं आलं, आणि स्क्रीन काळा झाला. डाव्या कोपऱ्यात वर एक छोटी आडवी रेघ लुकलुकत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रेघ तशीच. पोटात गोळा आला. सात महिन्यांच्या रात्री त्या डब्यात होत्या.

पुण्याला माझा भाचा इंजिनीअरिंग करतो. त्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “मावशी, कॅप्स लॉक दाबून बघ. दिवा लागतो-विझतो का?”

लागत होता.

“मग मशीन जिवंत आहे. फक्त चित्र काढता येत नाहीये त्याला. आता कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाब.”

दाबलं आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन आलं. काळा स्क्रीन म्हणजे सगळं संपलं असं मला वाटत होतं, तर मागे एक सबंध मजकुरी दालन चालू होतं. माझ्यासारख्या कुणाला हे माहीत नसेल तर हे तीन बटणांचं आधी लिहून ठेवा. एफ३ने नाही आलं तर एफ४ बघा. आणि तिथे पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. मी दोनदा थांबले, कीबोर्ड बिघडला की काय म्हणून. तो दिसत नसला तरी उमटत असतो, टाइप करून एंटर मारायचं.

आत गेल्यावर मी आधी माझ्या फायली बघितल्या. एलएस लिहून एंटर. फोल्डरांची नावं मी मराठीत ठेवते आणि त्या मजकुरी दालनाला देवनागरी वाचता येत नाही. अक्षरांच्या जागी नुसते पांढरे चौकोन आले, रांगेत बसवल्यासारखे. पण त्या चौकोनांपुढे मी इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं २०२५ जसंच्या तसं दिसत होतं. अकरा ओळी मोजल्या. अकराच्या अकरा. तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकून बसले. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, बिघडला म्हणून हार्ड डिस्कवरचं काही जात नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती दुपार बरी गेली असती. म्हणून मी ते इथे सांगते आहे.

मग भाच्याने फोनवरून एकेक अक्षर सांगितलं. सुडो, जागा, डीपीकेजी, जागा, दोन डॅश आणि लगेच कॉन्फिगर, जागा, एक डॅश आणि ए. वीज जाऊन अर्धवट राहिलेली पॅकेजं हा आदेश पुन्हा हातात घेतो आणि बसवायची पूर्ण करतो. अपडेट मध्येच तुटलं असेल तर पहिली पायरी हीच. सहा-सात मिनिटं ओळी सरकत राहिल्या. ड्रायव्हरचं नाव आलं, नव्या कर्नलचा आकडा आला. कर्नल म्हणजे उबुंटूचा गाभा. मध्येच जांभळ्या रंगाचा एक पडदा आला, त्यावर इंग्रजी परिच्छेद आणि खाली ‘ओके’.

“काही विचारतंय का गं?” भाचा म्हणाला.

“पासवर्ड मागतोय. देते.”

परिच्छेद वाचला नाही. दोनदा पासवर्ड लिहिला आणि पुढे गेले. मग त्याने रीबूट सांगितलं. मी चहा ठेवायला आत गेले. परत येऊन बघते तर चक्क डेस्कटॉप आलेला!

पण तो आमचा डेस्कटॉप वाटत नव्हता. सगळं मोठं मोठं आणि धूसर, १०२४ गुणिले ७६८. शेजारचा दुसरा मॉनिटर बंदच. खिडकी ओढली की मागे मागे फरफटत यायची. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडलं, तर ग्राफिक्सच्या पुढे एन्व्हिडियाऐवजी एलएलव्हीएमपाइप असं काहीतरी होतं. भाच्याने सांगितलं, याचा अर्थ कार्ड कामाला लागलेलंच नाही, सगळी चित्रं प्रोसेसर स्वतः काढतोय. एन्व्हिडियाचं पॅकेज बसलं की ते नूव्हो हा दुसरा खुला ड्रायव्हर बंद करून टाकतं. म्हणून आता हाही नाही आणि तोही नाही, अशी गत. तुमच्याकडे एलएलव्हीएमपाइप हे नाव दिसलं तर समजा की हार्डवेअरचा ड्रायव्हर चढलेला नाही. पुढचा शोध तिथून सुरू करायचा.

रविवार, २० जुलै हा सगळ्यांत वाईट दिवस. कारण मी दिवसभर राबले आणि चुकीच्या दिशेने राबले.

सकाळी एन्व्हिडिया-एसएमआय हा कार्डाची हालहवाल सांगणारा आदेश चालवला. ड्रायव्हरशी बोलता येत नाही, असं उत्तर आलं. मग डीकेएमएस स्टेटस. इथे थोडं समजावून सांगते. एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरचा एक तुकडा कर्नलच्या आत बसावा लागतो. कर्नल नवा आला की तो तुकडा त्या कर्नलसाठी नव्याने घडवावा लागतो. माझ्याकडे ते काम डीकेएमएस करतं. मला वाटत होतं, वीज गेली तेव्हा हा तुकडाच अर्धवट राहिला असणार. पण डीकेएमएस म्हणत होतं ‘इन्स्टॉल्ड’. तुकडा घडलेला, बसवलेला, तरी चालत नाही.

मग जुन्या कर्नलमध्ये जाऊन बघितलं. सुरू होताना बोर्डाचं चिन्ह गेलं की एस्केप दाबायचं, ग्रबची, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायची, यादी येते, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल असतो. नव्या कर्नलने घोळ केला असेल तर जुन्यात सगळं ठीक चालतं, हा चांगला पडताळा आहे. जुन्यातही तेच धूसर चित्र. खरं तर इथेच कळायला हवं होतं की दोष कर्नलमध्ये नाही. पण डोकं तापलेलं होतं.

भाच्याने मध्ये एकदा विचारलंही होतं, “मावशी, तुझ्याकडे सिक्युअर बूट चालू आहे का?”

“नाही रे. असेंबल केला तेव्हाच बंद करून घेतलाय.”

सिक्युअर बूट म्हणजे सुरू होताना फक्त ओळखीच्या सहीचंच चालू देणारी बोर्डाची सेटिंग. मी इतक्या खात्रीने सांगितलं की त्याने पुन्हा विचारलं नाही. माझा एक दिवस या एका वाक्यात गेला.

मग ड्रायव्हर पूर्ण काढला आणि पुन्हा घातला. ५३५ मालिकेचाच, एपीटी या उबुंटूच्या आदेशाने. ब्रॉडबँड शुक्रवारपासून बंद, त्यामुळे सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवायचं. खिडकीत फोन ठेवला की रेंज यायची, उचलला की जायची. दिवसाचा डेटा संपला, ६१ रुपयांचा वाढीव टाकला. बसवताना पुन्हा तो जांभळा पडदा, पुन्हा पासवर्ड, पुन्हा रीबूट. दुसऱ्यांदाही काढला आणि घातला. त्या वेळी मी समोरच बसले होते. माझा मॉनिटर जागा व्हायला सात-आठ सेकंद घेतो. तो जागा झाला तेव्हा एक निळा पडदा क्षणभर दिसला आणि गेला. मला वाटलं, उबुंटूच्या सुरुवातीचाच काहीतरी भाग असेल.

संध्याकाळी डोंबिवलीहून एका ग्राहकाचा फोन आला, त्यांच्या आजोबांचं नाटक कधी मिळेल म्हणून. आजोबांनी या हंगामात शेवटचं काम केलं होतं, आता ते उभे राहणार नाहीत. मी म्हटलं, चतुर्थीला नक्की. फोन ठेवला आणि मला रडू आलं. नवरा म्हणाला, कार्डच जळलं असेल, नवं घेऊ. उद्या कुडाळला जाऊन भाव काढ. रात्री विजा होत होत्या म्हणून मी भिंतीवरचा खटकाच बंद केला. एरवी यूपीएस कायम चालू असतो.

तो खटका बंद केला हे फार बरं झालं. कारण सोमवारी सकाळी चालू केल्यावर तोच पडदा पुन्हा आला: तारीख-वेळ लावलेली नाही, एफ१ की एफ२. शनिवारी दाबलं होतं ना एफ२, मग परत का विचारतोय? या वेळी मी काही दाबलं नाही. मोबाइलने फोटो काढला.

कुडाळातला दुकानदार माझ्या वर्गातलाच. मी त्याला कार्डाचे भाव विचारत होते आणि बोलता बोलता फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला.

“बॅटरी गेली गो. ती नाण्याएवढी. तारीख खयची दाखवता ता बघलंस?”

“नाही.”

“आणि मूळ सेटिंग घेतलंस? मग आतला सगळा मूळपदावर गेला असतला. कार्ड नको घेव. आधी ह्या बघ.”

सीआर२०३२ बॅटरी, चाळीस रुपये. कार्डाचे पैसे त्याला मिळाले असते, तरी त्याने मला परत पाठवलं. हे मी विसरणार नाही.

रिक्षात बसल्यावर मला एकेक गोष्ट जुळत गेली. मदरबोर्डावर ही छोटी बॅटरी असते. काँप्युटरला वीजच नसेल तेव्हा ती तारीख आणि बोर्डाची सेटिंग सांभाळते. माझ्या यूपीएसमुळे बोर्डाला चोवीस तास थोडी वीज मिळत राहायची, म्हणून बॅटरी मेलेली कळलीच नाही. शुक्रवारी पहिल्यांदाच अठरा तास काही मिळालं नाही. सेटिंग पुसली गेली. मी एफ२ दाबून मूळ सेटिंग मान्य केली. आणि २०२१मध्ये आम्ही हाताने बंद केलेला सिक्युअर बूट?

घरी येऊन पायातली चप्पल काढायच्या आधी टर्मिनल, म्हणजे आदेश लिहायची खिडकी, उघडलं. मॉकयुटिल, जागा, दोन डॅश आणि लगेच एसबी, डॅश, स्टेट. उत्तर आलं: ‘सिक्युअरबूट एनेबल्ड’. म्हणजे चालू.

मग भाच्याने सांगितलं, आता हाताने ड्रायव्हर चढवून बघ. सुडो मॉडप्रोब एन्व्हिडिया. उत्तर एका ओळीचं होतं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. चावी नाकारली.

काय झालं होतं ते आता माझ्या शब्दांत सांगते. सिक्युअर बूट चालू असला की सुरू होताना चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर ओळखीची सही लागते. उबुंटूचा सगळ्यांत पहिला तुकडा, शिम, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. म्हणून बोर्ड त्याला आत घेतं. उबुंटूचा कर्नल उबुंटूच्या सहीचा असतो, तोही जातो. पण एन्व्हिडियाचा तुकडा माझ्याच घरी, माझ्याच काँप्युटरवर घडलेला. त्यावर सही होते ती माझ्या काँप्युटरने स्वतः तयार केलेल्या चावीने. बोर्डाला ती चावी कुणी ओळख करून दिलेली नाही. म्हणून कर्नल त्या तुकड्याला दारातच अडवतो. जवळजवळ चार वर्षं सिक्युअर बूट बंद होता तेव्हा सही कुणी बघतच नव्हतं. ड्रायव्हर, कर्नल, कार्ड, तिन्ही धडधाकट होते.

आणि हे त्या जांभळ्या पडद्यावर लिहिलेलं होतं. पहिल्याच ओळीत, की या मशीनवर सिक्युअर बूट चालू आहे. तो जो पासवर्ड मागत होता तो लॉगिनचा नव्हताच, चावीची ओळख करून देताना एकदाच विचारायचा तात्पुरता पासवर्ड होता. आणि तो निळा पडदा म्हणजे ओळख करून द्यायची जागा. तो दहा सेकंद थांबतो, कुणी काही दाबलं नाही तर नेहमीसारखा पुढे निघून जातो. शनिवारी मी चहा ठेवत होते. रविवारी मॉनिटर झोपेत होता. भाच्याला मी यातला एकही पडदा दाखवला नव्हता, नुसतं तोंडाने सांगत होते. आता मी अडले की आधी फोटो पाठवते, मग फोन करते.

दुपारी बॅटरी बदलली. प्लग काढला, मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरलं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट उघडून नवऱ्याने टॉर्च धरला. नाण्याच्या कडेला एक छोटी पत्र्याची जीभ असते, ती नखाने बाजूला केली की बॅटरी आपोआप वर येते. नवी बसवताना अधिकचं चिन्ह वर. मग डिलीट दाबत बोर्डाच्या सेटिंगमध्ये गेले, तारीख आणि वेळ लावली. तिथे सिक्युअर बूटची ओळही दिसली. चालू.

आता दोन वाटा होत्या. तिथेच सिक्युअर बूट बंद करायचा, एका मिनिटाचं काम. किंवा चावीची ओळख करून द्यायची. भाचा म्हणाला, बंद कर, मोकळी हो. मी ओळख करून द्यायचं ठरवलं. बंद केला तर पुढे कधीतरी ही बॅटरीही जाईल, बोर्ड पुन्हा मूळपदावर येईल आणि मी पुन्हा याच खड्ड्यात पडेन. चावी ओळखीची असली तर सिक्युअर बूट चालू असो की बंद, ड्रायव्हर चढेल. घाईत असलेल्याने बंद केला तर त्यात चूक नाही, पण बंद केल्याची नोंद कुठेतरी ठेवा.

आदेश असा: सुडो मॉकयुटिल, जागा, दोन डॅश आणि लगेच इम्पोर्ट, जागा, आणि मग चावीचा पत्ता. उबुंटूत ती व्हीएआर, लिब, शिम-साइन्ड, मॉक या फोल्डरांत एकात एक अशी असते आणि फाइलचं नाव मॉक डॉट डीईआर, त्यातलं मॉक कॅपिटल अक्षरांत. नवा पासवर्ड मागतो. तो साध्या छोट्या इंग्रजी अक्षरांचा ठेवा. खास चिन्हं नकोत, कारण निळ्या पडद्यावर कीबोर्डाची मांडणी अमेरिकी असते, तुम्ही दुसरी वापरत असाल तर चिन्हं भलतीच उमटतात. मी आठ अक्षरांचा ठेवला आणि कागदावर लिहिला.

रीबूट. मॉनिटर झोपेतून उठेपर्यंत पुन्हा दहा सेकंद गेले. नुसती पाठ दिसली निळ्याची. एकदा हुकलं की मागणी पुन्हा नोंदवावी लागते. इम्पोर्ट पुन्हा केलं. या वेळी मी मॉनिटरकडे बघितलंच नाही. डबा सुरू झाल्याचा आवाज आला तसं खालच्या बाणाचं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहिले. कुठलंही बटण दाबलं की ती दहा सेकंदांची मोजणी थांबते आणि यादी उघडते, दिसो वा न दिसो. फक्त एंटर दाबायचं नाही, कारण यादीतली पहिली ओळ ‘कंटिन्यू बूट’ असते, एंटर मारलं की गाडी पुढे गेली.

मॉनिटर उजळला आणि निळा पडदा समोर शांत उभा होता. ‘एन्रोल मॉक’, म्हणजे ‘चावी नोंदवा’, या ओळीवर गेले. मग ‘कंटिन्यू’. मग चावी नोंदवायची का, असं विचारलं. तिथे बाण ‘नो’वर उभा असतो, त्याला ‘येस’वर नेलं. कागद बघून पासवर्ड लिहिला, इथेही काही दिसत नाही. शेवटी ‘रीबूट’.

रात्रीचे नऊ दहा. डेस्कटॉप आला तो बारीक, रेखीव अक्षरांचा. दुसरा मॉनिटर आपणहून लागला. एन्व्हिडिया-एसएमआय लिहिलं आणि तो चौकटींचा तक्ता आला: ड्रायव्हर ५३५, कार्डाचं नाव, तापमान ४३ अंश. मी भाच्याला फोटो पाठवला. मग केडेनलाइव्ह उघडून डोंबिवलीकरांच्या आजोबांचं नाटक लावलं. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातला, संकासुर झांजेच्या ठेक्यावर उडी मारून आत आला, एकही फ्रेम न अडखळता. सासूबाई आवाज ऐकून उठून आल्या आणि दाराशी उभ्या राहून दोन मिनिटं बघत राहिल्या.

खर्चाचा हिशेब असा. नाण्याची बॅटरी ४० रुपये, डेटा ६१, रिक्षा जाऊन-येऊन २४०. यूपीएसची बॅटरी मी त्याच आठवड्यात बदलली, जुनी देऊन १,१०० रुपये. एकूण १,४४१. आणि कामाचे तीन दिवस.

दोन गोष्टी नंतर कळल्या. मी ड्रायव्हर थेट एपीटीने घातला होता, म्हणून तो घरी घडवावा लागत होता. उबुंटूच्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीतून घातला तर बहुतेक वेळा उबुंटूच्याच सहीचा तयार तुकडा मिळतो. मग घडवणं नाही, चावी नाही, निळा पडदा नाही. नव्याने बसवणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. हा बदल मी काम हातात असताना केला नाही, गणपती झाल्यावर केला.

दुसरं, अपडेट बंद करून ठेवायचा सल्ला मला तिघांनी दिला. तो मी मानला नाही. सुरक्षेचे बदल त्यातूनच येतात. आता मी अपडेट सकाळी करते, आकाश बघून, यूपीएस पूर्ण भरलेला असताना आणि समोर बसून. त्याआधी टाइमशिफ्टने सिस्टिमची एक प्रत घेऊन ठेवते. आणि हाती मोठं काम असेल तर ते संपेपर्यंत दोन-चार दिवस थांबते.

चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ नाटकं पूर्ण झाली. डोंबिवलीकर पेनड्राइव्ह घ्यायला स्वतः आले, आजोबांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून. उरलेली दोन मी दसऱ्याआधी दिली. कॅबिनेटच्या झाकणाला आतून पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि तीवर मार्करने लिहिलंय: बॅटरी बदलली, २१ जुलै २०२५, सिक्युअर बूट चालू.